मुरलीधरच्या घरी मुलगा बघायला आले

मुरलीधर शेवाळे एकदा मला बघायला आला होता. साताऱ्याला, आमच्या घरी, आई-वडील, एक मामा आणि मध्यस्थ असा सगळा लवाजमा घेऊन. पोहे दोनदा घेतले, माझे एमबीबीएसचे मार्क विचारले, त्याच्या मामाने मला चष्मा काढून दाखवायला लावला, आणि निघताना दारात चपला चढवता चढवता मुरलीधर म्हणाला, "कळवतो." याला वीस वर्षं होऊन गेली. अजून कळवलेलं नाही.

पुढे मी भूलतज्ज्ञ झाले, आयर्लंडला आले, नावनच्या हॉस्पिटलात लागले. एका शनिवारी डब्लिनमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या इंडियन दुकानात एक गृहस्थ कोथिंबिरीची प्रत्येक जुडी उलटीपालटी करून बघत होते आणि एकही घेत नव्हते. मी त्याला पाठमोराच ओळखला. बरोबर त्याची बायको होती, स्मृती. तिला मी तिथेच, डाळींच्या रॅकसमोर सांगून टाकलं की तुमचे हे मला बघून गेलेत. ती इतकी हसली, इतकी हसली की दुकानदार पाणी घेऊन आला. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण आहे आणि मी तिच्या मुलाची मृणालमावशी. मुरलीधर या विषयावर बोलत नाही. तो विषय बदलतो, आणि विषयांची त्याच्याकडे कधीच टंचाई नसते.

हा माणूस मूळचा कऱ्हाडचा, पुण्यात शिकलेला, आणि क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कमध्ये लोकांचा डेटा सांभाळतो. दिवसभर आकडे बघून घरी आला की त्याला आणखी आकडे लागतात. एकुलत्या एका मुलावर, वेदांतवर, त्याने आजवर बुद्धिबळ, व्हायोलिन, अबॅकस आणि वैदिक गणित असे प्रयोग करून झाले होते. प्रत्येक वेळी आधी स्लाइड्स तयार व्हायच्या, मग क्लास लागायचा, मग वेदांत रडायचा आणि मग नवीन स्लाइड्स तयार व्हायच्या. माणूस वाईट नाही. मुलगा तापाने फणफणला तर रात्रभर उशाशी बसेल, पण त्या तापाचा आलेखही काढेल.

वेदांतला स्वतःला जे आवडायचं त्याच्या स्लाइड्स कुणी केल्या नव्हत्या. तो सहा वर्षांचा असल्यापासून गल्लीतल्या पोरांबरोबर गेलिक फुटबॉल खेळत होता. हा इथला देशी खेळ, हातानेही खेळायचा आणि पायानेही. वेदांत आता सतरा वर्षांचा होता आणि क्लबच्या संघात लांबून फ्री किक मारायचं काम त्याच्याकडे होतं. तो जमिनीवर चेंडू ठेवायचा, चार पावलं मागे जायचा, आणि मग चेंडू दोन खांबांच्या मधून असा जायचा की पलीकडचे म्हातारे टोप्या काढायचे. डब्लिनमध्येच फिजिओथेरपी शिकायची आणि याच क्लबकडून खेळायचं, एवढंच त्याचं स्वप्न. त्याने हे मला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं आणि बापालाही पुष्कळदा सांगितलं होतं.

पण मुरलीधरचा घरात एक नियम होता. मुलगा मराठीत बोलला तरच ऐकायचं. इंग्रजीत बोललेलं या घरात धरत नाहीत, असं तो अभिमानाने सांगायचा. वेदांतला मराठी सगळं कळतं, शिव्यासुद्धा, पण तोंड उघडलं की आयरिश इंग्रजीच बाहेर पडते. त्यामुळे सतरा वर्षांत त्या पोराचं एकही वाक्य बापाच्या दफ्तरी जमा झालेलं नव्हतं.

अमेरिका या घरात शिरली ती एका रविवारी, लॅपटॉपमधून. मुरलीधरने एक माहितीपट पाहिला. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे केवढं प्रस्थ, कॉलेजांचे लोक गावोगाव फिरून शाळेतली पोरं कशी हेरतात, त्यांना फुकट शिक्षण देऊन कशी उचलतात. आणि त्यात सामोआ, टोंगा असल्या पॅसिफिकमधल्या बेटांची पोरं किती! अमेरिकन सामोआची लोकसंख्या आपल्या कऱ्हाडएवढी, आणि मैदानात बघावं तिकडे त्यांचीच पोरं. मुरलीधरने माहितीपट थांबवला तो लोकसंख्येच्या त्या आकड्यावर. त्याच क्षणी वेदांतचं भवितव्य ठरलं.

पुढच्या रविवारी मला जेवायला बोलावून स्लाइड्स दाखवण्यात आल्या. पॉलिनेशियन खेळाडूंच्या यशाची कारणं तीन. एक, आहार: ते तारो खातात, आणि तारो म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपलं अळू. दोन, एकत्र कुटुंब. तीन, देवधर्म.

"तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत!" मुरलीधर म्हणाला. "मग आपली पोरं का नाहीत तिथे? अवेअरनेस नाही, बाकी काही नाही."

"शरीर?" मी विचारलं.

"ते आहाराने होतं."

मग त्या घरात अळू सुरू झालं. इंडियन दुकानातली फ्रोझन पानं संपली की आफ्रिकन दुकानातून कंद यायचे. मंगळवारी फदफदं, शुक्रवारी अळकुड्या, रविवारी अळूवडी. वेदांत ताटाकडे बघून म्हणायचा, "मॅम, धिस इज स्लाइम." एकत्र कुटुंबाची उणीव भरून काढायला कऱ्हाडहून मुरलीधरच्या आईला, आक्कांना, इकडे आणवलं. देवधर्मासाठी पोराला सकाळी अथर्वशीर्ष लावलं. एवढं करून वेदांत तीन इंच उंच झाला आणि आणखी काटकुळा दिसायला लागला. अळूने वजन वाढलं ते मुरलीधरचं.

यावर दुसरा कुणी थांबला असता. मुरलीधरने नवा शोध लावला. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक माणूस फक्त लाथ मारायला ठेवलेला असतो. सगळ्या सामन्यात चार-पाच वेळा आत यायचं, चेंडूला लाथ घालायची आणि परत बाहेर. बाकीचा वेळ तो गरम कोट घालून बाजूला उभा राहतो आणि आत सगळं सुरळीत चालावं म्हणून प्रार्थना करतो. हे माझ्याच नोकरीचं वर्णन असल्यामुळे मला लगेच पटलं. आयर्लंडची गेलिक खेळणारी पोरं या कामाला अमेरिकन कॉलेजं हल्ली शोधतात, हेही त्याला कळलं. मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून हेच करतोय, हे मात्र त्याला इंटरनेटवरून कळावं लागलं.

"डॅड, आय अ‍ॅम नॉट गोइंग टू अमेरिका," वेदांत म्हणाला.

"मराठीत," मुरलीधर म्हणाला, आणि स्थळं शोधायला लागला.

स्थळं हा शब्द माझा नाही, स्मृतीचा आहे. कॉलेजांना पाठवायला मुलाची माहिती हवी, म्हणून मुरलीधरने लॅपटॉप धुंडाळला तेव्हा त्याला स्मृतीच्या आतेबहिणीचा, इशिताचा, लग्नाचा बायोडाटा सापडला. मांडणी आयती होती. त्याने फक्त माहिती बदलली. त्यामुळे अमेरिकेतल्या पन्नासेक प्रशिक्षकांच्या टपालात जो कागद जाऊन पडला त्याच्या डोक्यावर गणपती होता. खाली जन्मवेळ, रास, वर्ण गव्हाळ, उंची सहा फूट (मोजली तर थोडी कमी भरते). आजीचं नाव, मूळ गाव. मामा नगररचना विभागात. मावशी डॉक्टर, म्हणजे मी. पुण्यात स्वतःचा फ्लॅट. आहार सर्व, मात्र सोमवार आणि चतुर्थी सोडून. सगळ्यात शेवटी अपेक्षा: पूर्ण शिष्यवृत्ती, शक्यतो पूर्व किनारा, घरचं वातावरण. सोबत व्हिडिओ, आणि व्हिडिओला सनई.

उत्तरं आली. प्रत्येकात लिहिलेलं, माहितीबद्दल आभार, आम्ही संपर्कात राहू. मुरलीधर दर संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवायचा. "बघ, संपर्कात राहू म्हणतायत! म्हणजे इंटरेस्ट आहे."

"अहो, त्याला नकार म्हणतात," स्मृती म्हणाली. "तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून तसं म्हणतात. आपल्याकडे नाही का, कळवतो म्हणतात. मृणालला विचारा."

मी वरणाची वाटी तोंडाला लावली. मुरलीधरचे कान लाल झाले. वेदांतने ताटातून मान वर करून आईकडे बघितलं, मग बापाकडे, मग माझ्याकडे, आणि पुन्हा खाली घातली. आम्हाला वाटलं, पोराचं लक्ष अळूत आहे.

आणि ऑगस्टमध्ये खरंच एका ठिकाणाहून होकारासारखं काहीतरी आलं. ओहायोतलं एक छोटं कॉलेज, तिथले एक प्रशिक्षक टुआला. दर वर्षी डब्लिनमध्ये अमेरिकन कॉलेजांचा एक सामना होतो, तो बघायला ते येणार होते आणि शनिवारी दुपारी घरी येऊन मुलाला आणि कुटुंबाला भेटणार होते. त्यांनी लिहिलं होतं, की इतकी वर्षं मुलं निवडतोय, पण आजीचं नाव लिहिलेला हा पहिलाच अर्ज. मी सामोआचा आहे, आमच्याकडेही आधी कुणाचा कोण ते सांगतात.

सामोआचा! मुरलीधरने ते पत्र छापून देवापाशी ठेवलं.

शनिवारी मला सकाळपासून बोलावलं होतं, कारण बायोडाटात मावशी डॉक्टर असं लिहिलं होतं आणि ती दाखवणं भाग होतं. घरात जी धांदल उडाली होती ती मी आयुष्यात सहा-सात वेळा अनुभवली होती, पण तेव्हा बघायला यायचे ते मला. सोफ्याला नवी कव्हरं. मळके बूट प्रेसमध्ये कोंबलेले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि घराघरांतलं खरं आयुष्य त्यातच असतं. वेदांतला इस्त्रीचा शर्ट. आक्कांना नऊवारी, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. मुरलीधर हातातली यादी बघत फिरत होता आणि स्मृतीला बजावत होता, "पोहे नकोत. अळूवडी. आणि ट्रे वेदांतच्या हातात दे. हात किती स्थिर आहेत ते दिसलं पाहिजे."

आक्का खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आरं मुरली, पोरगं बगाय येत्यात. म्हंजे आपण पोरीकडचं झालो की रं!"

मुरलीधरने सोफ्याची कव्हरं पुन्हा सारखी केली.

टुआला आले ते दारातून थोडे तिरके होऊन. एवढा आडवातिडवा माणूस त्या बैठकीत पूर्वी कधी बसला नव्हता. पण आवाज मऊ, वागणं अदबीचं. आत येताच त्यांनी सगळ्यांत वयस्कर कोण ते बघितलं आणि आधी आक्कांपुढे वाकले. आक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "लई शिस्तीचा हाय," त्या मला म्हणाल्या.

वेदांत ट्रे घेऊन आला. मान खाली, चेहरा दगडी. टुआलांनी अळूवडी उचलली आणि एक घास घेतला. मग म्हणाले, की माझी आजी हीच पानं नारळाच्या दुधात शिजवायची, ती गेल्यापासून हे खाल्लं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि आणखी वड्या घेतल्या. मुरलीधरने माझ्याकडे असं बघितलं, की पहिली स्लाइड सिद्ध झाली.

"मुलाला जरा चालून दाखवायला सांगता?" टुआला म्हणाले. "पाऊल कसं पडतं ते बघायचंय."

माझ्या हातातला कप बशीवर जोरात आपटला. वेदांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. मुरलीधरचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. ते बघताना मला साताऱ्याचे माझे बाबा आठवले, असेच भिंतीला टेकून उभे, असेच ओठ हलवणारे. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता मुरलीधरचा यायला हवा होता, पण वाईटच वाटलं.

मग सगळे घरामागच्या हिरवळीवर गेलो. टुआलांनी त्यांचा लांबुळका चेंडू आणला होता. वेदांतने तो हातात फिरवून बघितला, चार पावलं मागे गेला आणि मारला. चेंडू झाडांवरून, पलीकडच्या घरांवरून दिसेनासा झाला. कुठेतरी एक कुत्रा भुंकायला लागला. टुआलांनी दुसरा चेंडू दिला. तोही गेला. त्यांच्याकडे तिसरा नव्हता.

आत आल्यावर मुरलीधरला राहवेना. त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि एका सामोअन माणसाला सामोअन माणसांच्या यशाची कारणं समजावून सांगितली. टुआलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातली वडी खाली ठेवून म्हणाले, "छान आहे. पण एक राहिलं. माझ्या गावात आम्हाला दारं फार नव्हती. एक मासे डबाबंद करायचा कारखाना, एक लष्कर आणि एक फुटबॉल. म्हणून आम्ही सगळे त्या फुटबॉलच्या दारावर जाऊन धडकलो. माझ्या चुलतभावांपैकी दोघे टीव्हीवर दिसले. बाकीच्यांचे गुडघे गेले, एकाचं डोकं. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही."

"आमच्याकडेही तसंच," मुरलीधर पटकन म्हणाला. "इंजिनिअरिंग आणि मेडिकल."

टुआला खदखदून हसले, सोफा हलला. वर्षभरात मुरलीधरच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते त्याच्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

हसू ओसरल्यावर टुआला पुढे सरकून बसले. म्हणाले, "मुलगा मला पाहिजे. पुढच्या वर्षी, शाळा झाली की. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेजचं."

स्मृतीचा हात तोंडावर गेला. मुरलीधर उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. पेढ्यांचा डबा त्याने सकाळीच आणून ठेवला होता, तो सोफ्याच्या मागून निघाला. पण टुआलांनी हात वर केला. "आमच्याकडे घरातलं मोठं माणूस शब्द देतं," असं म्हणून ते आक्कांकडे वळले. मी आक्कांना मराठीत सांगितलं.

"मला काय इचारतोस बाबा?" आक्का म्हणाल्या. "ज्याला जायाचं हाय त्याला इचार की."

टुआलांना हेही मी सांगितलं. सगळ्यांच्या माना वेदांतकडे वळल्या. तो ट्रेजवळ उभा होता. त्याने रिकामा ट्रे उचलला, टुआलांकडे बघून जरासा वाकला आणि स्वच्छ मराठीत, स्वच्छ सातारी सभ्यतेने म्हणाला,

"कळवतो."

आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेला.

स्मृतीने पदर तोंडात कोंबला होता. मी हसू दाबत होते.

"काय म्हणाला?" टुआलांनी विचारलं.

भाषांतर मी करत होते, पण हे मी करणार नव्हते. मी मुरलीधरकडे बघितलं. त्याच्या हातात उघडा पेढ्यांचा डबा तसाच होता. त्याला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. विचार करून सांगतो म्हणाला, असं म्हणता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. मुलगा मराठीत बोलला होता. म्हणजे नियमाप्रमाणे ते ऐकणं भाग होतं.

मुरलीधरने डबा टेबलावर ठेवला. "नाही म्हणाला," तो इंग्रजीत म्हणाला. मग डब्याचं झाकण लावत, "तो वर्षभर हेच म्हणतोय."

टुआलांनी मान हलवली, उठले आणि मुरलीधरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते स्वयंपाकघरात जाऊन वेदांतलाही भेटून आले. जाताना स्मृतीने त्यांना उरलेल्या अळूवड्या डब्यात भरून दिल्या, आणि आक्कांनी पेढे. नकार देऊन पाहुण्याला इतकं खूश करून पाठवलेलं मी तरी दुसरं घर बघितलेलं नाही.

मी निघाले तेव्हा मुरलीधर मला गाडीपर्यंत सोडायला आला. हिरवळीवर वेदांत आणि शेजारची पोरं टुआलांचे हरवलेले चेंडू झुडपांत शोधत होती. मुरलीधर बराच वेळ तिकडे बघत उभा होता. सप्टेंबरात क्लबची फायनल आहे म्हणे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे.

"मृणाल," तो म्हणाला, "तुमच्याकडे तेव्हा... वाट बघितली का कुणी?"

"बाबांनी बघितली. फोन वाजला की तेच धावायचे. आम्हाला कुणाला उचलू द्यायचे नाहीत. फार दिवस."

मुरलीधरने खिशात हात घातले, बाहेर काढले. मग सरळ उभा राहिला, आणि बायोडाटा वाचून दाखवावा अशा आवाजात म्हणाला, "नाही. आमच्याकडून नकार आहे. माफ करा. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तरी मी म्हटलं, "कळवते त्यांना."

दारात उभ्या स्मृतीने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली, "अगं बाई, आता सांगून काय उपयोग? घेऊन जा यांना!"